अलगदकाकांची धास्ती

त्यांचं खरं नाव काय, हे दुकानात कुणाला विचारलं असतं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले असते. मोठी काच हलवायची वेळ आली की दोन्ही हात पुढे धरून ते आपले पुटपुटत चालायचे, "अलगद, अलगद, अलगद…" म्हणून अलगदकाका. बायको त्यांना 'अहो' म्हणायची, त्यामुळे तिचंही नावावाचून काही अडत नव्हतं.

दुकान काचेचं. पुढे काउंटर, त्यावर आरशांचे आणि रंगीत काचांचे नमुने. मागे लांबलचक खोली, भिंतीला टेकून उभ्या शीटा, आणि मधोमध लोकरी कापड ताणून बसवलेलं भलंमोठं टेबल. त्या टेबलावर अलगदकाकांचं राज्य. तरुणपणी ते इथे काचा उचलायला म्हणून आले, मग काच कापणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाची पट्टी धरायला लागले, आणि उस्ताद थकल्यावर त्याच्या जागी उभे राहिले ते राहिलेच. केस पिकले, चष्मा आला, गुडघे कुरकुरायला लागले, पण टेबल काही सुटलं नाही.

काच कापायच्या कलमाला दुकानात सगळे 'हिरा' म्हणायचे. त्याच्या टोकाला हिराबिरा काही नव्हता, पोलादाचं बारीकसं चाक होतं, पण म्हणायला काय जातं! ते चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, पट्टी घट्ट धरायची आणि एका दमात, एकसारख्या दाबाने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. मग रेघेखाली पट्टी सरकवून दोन्हीकडून दाबलं की काच टक् करून दुभंगते. सगळी मेख त्या रेघेत. ती एकदाच मारायची. हलकी पडली, अडखळली, कशीही आली तरी तिच्यावरून पुन्हा हिरा फिरवायचा नाही. फिरवला की संपलं. काच मग आपल्या मर्जीने तुटते, आणि तिची मर्जी कुठे जाईल ते कुणी सांगावं! नव्या माणसाला अलगदकाका पहिल्या दिवशी हेच सांगायचे, दुसऱ्या दिवशीही हेच सांगायचे, आणि तो माणूस सोडून जायला निघाला तरी दारापर्यंत जाऊन हेच सांगायचे. कटकटेच म्हणा ना थोडे.

अशा माणसाला धास्ती लागली.

आता ती का लागली, याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही आणि त्यांच्याकडेही नव्हतं. एकदा ट्रकमधून शीट उतरवताना पट्टा सुटला होता, एवढं खरं. एका बाजूला अलगदकाका, दुसऱ्या बाजूला कडा घासणारा गडी, ज्याला सगळे घाश्या म्हणायचे. शीट कलंडली, दोघांच्या अंगावर येतेय असं वाटलं आणि पुन्हा मागे लाकडी चौकटीला टेकून थांबली. कुणाला ओरखडाही नाही. "वाचलो बुवा!" म्हणून सगळे हसले, चहा मागवला. सगळ्यात मोठ्याने हसले ते अलगदकाका. त्यानंतर बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एका सकाळी, साध्या खिडकीची साधी काच टेबलावर असताना, त्यांनी हिरा उचलला आणि छातीत धडधड सुरू झाली. अशी धडधड, की घाश्याचं मशीन चालू असूनही त्यांना तीच ऐकू येत होती. तळहात गार, घशाला कोरड, डोळ्यांपुढे काजवे. रेघ कशीबशी मारली. काच नीट तुटली, पण ते मोरीत जाऊन किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मात्र काहीच नाही, आणि ते स्वतःवरच हसले. चौथ्या दिवशी बसमधून उतरताच दुकानाची पाटी दिसली आणि ते तिथेच पाटीकडे पाठ करून उभे राहिले.

माणूस हुशार असला की दुखणं लपवण्यातही हुशारी करतो. अलगदकाकांनी लहान काचा आधी घ्यायला सुरुवात केली. फोटोफ्रेमच्या काचा म्हणजे अगदी पोरखेळ, त्या घेऊन बसायचे आणि मोठी काच आली की "उद्या बघू." माप घेतलेलं पुन्हा घ्यायचे, पुन्हा घेतलेलं आणखी एकदा घ्यायचे. हिऱ्याचं चाक बोथट झालंय म्हणायचे, पट्टी वाकडी आहे म्हणायचे. उजेड कमी आहे असंही म्हणाले, तर दुकानाच्या मालकीणबाईंनी टेबलावर नवा दिवा लावून दिला. आता बोला! रविवारी दुपारपर्यंत माणूस खुशाल असायचा, आणि ऊन उतरायला लागलं की सोमवार त्याच्या छातीवर येऊन बसायचा.

घाश्याला वाटलं, काकांचं घरात काही बिनसलंय. तो आपला येता-जाता सांगायचा, "काका, टेन्शन घेऊ नका हो."

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं तो मला एकदा भेटायला हवा. टेन्शन घेऊ नका! कुणी हौसेने घेतं का हो? दुकानात जाऊन मागतं का कुणी, अर्धा किलो द्या म्हणून? आणि दुसरे ते शहाणे, जे 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून मोकळे होतात. अरे, पाठी लागलाय हे त्यालाही कळतंय की! सोडवायचा कसा ते सांगा.

तर असं चाललेलं असताना चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काच आली. जाड, लांब, चांगली माणसाच्या उंचीची. "काका, आजच हवी," मालकीणबाई म्हणाल्या. पळवाट नव्हती. अलगदकाकांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं, पट्टी लावली, हिरा टेकवला आणि ओढला. अर्ध्या वाटेवर हात हलला. म्हणजे हलला असं त्यांना वाटलं. खरा हलला की नाही, देव जाणे. रेघ टोकाला गेली, त्यांनी वाकून पाहिलं, आणि मनाने घेतलं की मध्ये ती नीट पडलेलीच नाही. जन्मभर ज्या हातांनी दुसऱ्यांचे हात आवरले, त्या हातांनी हिरा पुन्हा सुरुवातीला नेला आणि त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा ओढला.

काच फुटली ती थेट कोपऱ्याकडे. एक सुळका इकडे, एक तिकडे.

मालकीणबाई धावत आल्या. अलगदकाकांच्या तोंडातून शब्द गेला, "शीटच सदोष होती." आणि शेजारून घाश्या म्हणाला, "हो ना, मी पण पाहिलं, आत बुडबुडा होता."

दुपारच्या चहाला दोघेच होते. घाश्या कपाकडे बघत म्हणाला, "काका, मी मशीन बंद केलं होतं तेव्हा. रेघेचा आवाज दोनदा आला."

"तुझे कान तपासून घे."

"माझे कान ठीक आहेत. तुमचं काय ते बघा," घाश्या म्हणाला आणि उठला. जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला, हेही सांगायला हवं.

अलगदकाका त्या दिवशी लवकर घरी निघाले. छातीत अशी कळ येत होती की हा काही साधा प्रकार नाही, आपलं हृदय गेलंच, अशी त्यांची खात्री पटली.

घरी त्यांच्या बायकोचं पाळणाघर होतं. पुढच्या खोलीत सतरंजीवर ओळीने चिल्लीपिल्ली झोपलेली, त्यामुळे दुपारी या घरात चोरपावलांनीच शिरायचं असा नियम. काका आले, चपला हातात घेतल्या आणि सरळ त्या पोरांच्या ओळीत शेवटी आडवे झाले. बायको दुधाच्या बाटल्या धूत होती. तिने बाहेर येऊन बघितलं, तर ओळीत एक मूल जास्त, आणि त्याला मिशा.

"अहो! काय होतंय?"

"काही नाही. जरा पडलोय."

ती जवळ बसली. दिवसभर रडणाऱ्या पोरांत वावरणारी बाई ती, तिला 'काही नाही' ऐकायची सवय होती. तिने त्यांचा गार हात हातात घेतला आणि पोरांना विचारते तसंच विचारलं, "कुठे होतंय? बोट ठेवून दाखवा बघू." त्यांनी छातीवर ठेवलं. मग पोटावर. मग घशावर. मग म्हणाले, "सगळीकडेच होतंय गं." पोरांच्या आया आल्याबरोबर तिने दाराला कुलूप लावलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, दाब बघितला. सगळं ठीक निघालं. सगळं ठीक आहे म्हटल्यावर माणसाने खूश व्हावं की नाही? अलगदकाकांचं तोंड नापास झालेल्या पोरासारखं झालं. हृदयाचं असतं तर निदान सांगता आलं असतं चार लोकांत!

"हे कधी होतं? कामावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कामावर. आणि कामावर जायच्या आधी."

"रविवारी?"

"संध्याकाळी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तुमचं हृदय धडधाकट आहे. हा चिंतेचा त्रास आहे. खोटा नाही, मनाचे खेळ नाहीत, खराच त्रास आहे. समोर वाघ आल्यावर शरीर जे करतं ना, तेच तुमचं शरीर काचेसमोर करतंय. यावर इलाज आहे." आणि एका समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं.

"म्हणजे मला वेड लागलंय का?" बाहेर आल्यावर काकांनी बायकोला विचारलं.

"वेड असतं तर मला लग्नातच कळलं असतं," ती म्हणाली. "पाय मुरगळला तर जाता ना दाखवायला? मग."

समुपदेशक बाईंची खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक कुंडी, आणि मध्ये गोल काचेचं टेबल. पहिल्या भेटीत अलगदकाका बाकी काहीच बोलले नाहीत, फक्त त्या टेबलाची कड किती वाईट घासली आहे, कुणाचा तरी हात कापेल, कुठल्या दुकानातून आणली, यावरच बोलत राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या भेटीला टेबलावर कापड अंथरलेलं होतं.

"रेघ मारायच्या आधी काय होईल असं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"तुटेल."

"तुटली तर?"

"मालकीणबाई टेबल काढून घेतील. काउंटरवर बसवतील ऑर्डरी लिहायला."

"आणि बसवलं तर?"

काका टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या सारख्या करायला लागले. "तर मग मी कोण?" ते म्हणाले. माणसाला नेमकी कशाची भीती वाटते ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. अलगदकाकांना ते त्या खोलीत कळलं. भीती काचेची नव्हतीच, टेबल जाण्याची होती.

पुढे त्या बाईंनी काही जादू केली असं समजू नका. त्यांनी शिकवलं ते साधंच होतं. धास्ती येताना आधी कुठे येते ते ओळखायचं. काकांच्या बाबतीत ती आधी तळहातात यायची, मग घशात, मग छातीत. ती आली की 'आली' म्हणायचं, ढकलायला जायचं नाही. पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, श्वास घ्यायच्या भानगडीत न पडता आधी सोडायचा, सावकाश, लांब. आणि पळायचं नाही. "एक काच टाळली की पुढची दुप्पट मोठी दिसते," बाई म्हणाल्या. म्हणून आधी फुकट गेलेले तुकडे कापायचे, मग जरा मोठे, मग आणखी मोठे. काकांनी केलं. कधी जमायचं, कधी मुळीच जमायचं नाही, आणि न जमलेल्या दिवशी ते घरी येऊन समुपदेशक बाईंना, डॉक्टरीणबाईंना आणि जगातल्या सगळ्या शिकलेल्या बायकांना नावं ठेवायचे. बायको म्हणायची, "हळू, पोरं झोपलीत."

एकच गोष्ट त्यांनी ऐकली नव्हती. कामावर कुणाला तरी सांगा, असं बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. काकांचं आपलं ताकाला जाऊन भांडं लपवणं चालूच.

आणि अशात नृत्यवर्गाचा आरसा आला. भिंतभर आरसा, मध्ये जोड नको. एवढी मोठी आरशाची शीट कारखान्यातून एकच मिळाली होती, आणि तिची एक बाजू कापून काढायची होती. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, हे तुमच्याशिवाय कुणाचं कामच नाही." दुसऱ्या कुणाची छाती या वाक्याने फुगली असती. अलगदकाकांची आवळली.

दिवसभर ते त्या शीटेभोवती फिरले. तळहात, घसा, छाती. सगळं क्रमाने आलं. संध्याकाळी ते काउंटरमागच्या खोलीत गेले. मालकीणबाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. परकराच्या वयात ती याच दुकानात रंगीत काचेतून काकांकडे बघून 'काका हिरवे, काका लाल' असं ओरडायची. ती मालकाच्या खुर्चीत बसली त्या दिवसापासून काका तिला अहो-जाहो करायला लागले होते. त्या संध्याकाळी ते विसरले.

"अगं, मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "हात थरथरतो माझा. पुष्कळ दिवस झाले. चष्म्याच्या दुकानाची ती काच… ती चांगली होती. मी रेघेवर रेघ मारली."

तिने हिशोबाची वही मिटली. "काका, त्या शीटेवरून मी कारखान्याच्या माणसाशी भांडले. नको नको ते बोलले त्याला."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

ती उठून खिडकीपाशी गेली. राग आला होता तिला, आणि तो यायलाच हवा होता. तिथून पाठमोरीच म्हणाली, "आरशाची शीट एकच आहे, काका. ती गेली तर दुसरी नाही. मी उद्या कापायला सुसाटला बोलावते."

"बरं," अलगदकाका म्हणाले.

ज्याला इतके दिवस घाबरत होते ते घडलं होतं. घाश्या डोक्यावर हात मारून म्हणाला, "कशाला सांगितलंत? झाकली मूठ होती ना चांगली!" काकांनी हिरा पुसून खणात ठेवला. ते घरी गेले. शेवटचं एक पोर अजून न्यायचं राहिलं होतं, ते सतरंजीवर बसून डबा वाजवत होतं.

"सांगितलं," काका म्हणाले. "टेबल गेलं बहुतेक."

बायकोने मालकीणबाईंचा उद्धार करायला तोंड उघडलं, मग त्यांच्याकडे बघून मिटलं. "रडून घ्या थोडं," ती म्हणाली. ते रडले. हमसून रडले. पोराने डबा वाजवायचा थांबवला, थोडा वेळ त्यांना न्याहाळलं आणि आपली दुधाची बाटली त्यांच्यापुढे धरली. दोघंही हसायला लागले, आणि मग ते पोर रडायला लागलं. त्या रात्री काकांना गाढ झोप लागली. का लागली, ते त्यांना कळेना.

सकाळी ते घरी राहू शकले असते. कुणी काही म्हटलं नसतं. पण पळायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून गेले.

सुसाट हा गावाच्या पलीकडच्या दुकानातला काच कापणारा. शीळ घालत हिरा चालवायचा, पट्टीकडे बघायचाही नाही म्हणे. आला तोच गडगडत: "काय काका, विश्रांती का आज?" काकांनी मान हलवली आणि पट्टी धरायला उभे राहिले. तरुणपणी उस्तादासमोर उभे राहायचे त्याच जागी. मन कडू झालं होतं, खोटं कशाला बोला.

आरसा टेबलावर चढला. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला, एवढा मोठा. सुसाटने माप घेतलं आणि शीळ घालायला लागला. पुन्हा माप घेतलं. हात विजारीला पुसले. माप तिसऱ्यांदा घेतलं. शीळ घालायला ओठ पुढे केले तर नुसती हवा आली. ओठ कोरडे पडले होते. घाश्याला काही दिसलं नाही, मालकीणबाईंना काही दिसलं नाही. अलगदकाकांना मात्र सगळं दिसलं. आरशातही दिसत होतं आणि आरशाबाहेरही.

ते वाकून हळूच म्हणाले, "आधी श्वास सोड. घेऊ नकोस, सोड."

"मला काही झालेलं नाही," सुसाट दात आवळून म्हणाला.

"मला होतं. रोज होतं. म्हणून तर तू आलास."

सुसाटने त्यांच्याकडे पाहिलं. असं कुणी तोंडावर कबूल करतं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने विजारीला पुन्हा हात पुसले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मोठी शीट असली की मला सकाळपासून अन्न जात नाही. घरी सांगतो, पोट बिघडलंय."

"पाय रोव जमिनीत. घाई कुणाला आहे?"

दोघे तसेच उभे राहिले. मालकीणबाई काही विचारायला पुढे आल्या, तर काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. स्वतःच्या मालकिणीला! मग सुसाटने हिरा टेकवला, काकांनी पट्टीवर सगळा भार दिला, आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. शीळ नव्हती. आरसा टक् करून तुटला, सरळ, स्वच्छ. सुसाट मटकन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, काहीतरी खायला मागवा हो." त्याने खाल्लं ते बघण्यासारखं होतं.

तो गेल्यावर मालकीणबाई टेबलापाशी आल्या. काका काचेचा चुरा ब्रशने गोळा करत होते. त्यांनी वाकून सुपली पुढे धरली.

"काका, त्या कारखान्याच्या माणसाला मी फोन केला. माफी मागितली."

"ती मी मागायला हवी होती."

"मागा तुम्ही पण. नंबर देते." मग म्हणाल्या, "उद्या बेकरीची दर्शनी काच कापायची आहे. मोठी आहे. तुमच्या टेबलावर लावायला सांगू?"

'तुमच्या' हा शब्द त्यांनी ऐकला. पण आनंद व्हायच्या आधीच तळहात गार पडले. ते म्हणाले, "सांगा."

दुसऱ्या दिवशी काच आली. अलगदकाकांनी माप घेतलं, एकदाच. पट्टी लावली. हिरा रॉकेलमध्ये बुडवला. तळहात, घसा, छाती. आली, म्हणाले. पाय रोवले, श्वास सोडला. पुन्हा सोडला. धास्ती हटली नाही. एखाद्या दिवशी ती हटतच नाही. पूर्वीचे अलगदकाका असते तर म्हणाले असते, चाक बोथट आहे. किंवा उजेड कमी आहे. किंवा डोळे मिटून ओढली असती रेघ, आणि वर आणखी एक.

त्यांनी हिरा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज नाही जमणार मला."

घाश्याने मशीन बंद केलं. टेबलावर मोठी काच असली की दुसरं कुठलंच काम होत नाही, लहानसहान सगळं फळीवर ओणवं होऊन करावं लागतं, सगळ्यांचा दिवस वाकडा जातो. ती काढायची म्हणजे पुन्हा चौघांनी उचलायची, कुठे तरी टेकवायची, आणि कापायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं. अलगदकाका मान खाली घालून वाट बघत राहिले.

मालकीणबाई काउंटरवरून आल्या. काचेकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"बेकरीवाल्याला सांगते, उद्या," त्या म्हणाल्या. घाश्या आणि बाकीचे गडी काच उचलायला वाकले होते, त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ती कशाला काढताय? काका उद्या कापणार आहेत ना. राहू दे तिथेच."